लकव्यामागून आलेली उदासी

लकवा मारलेलं माणूस रडतं, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतं, तेव्हा आमच्या गावात सगळे एकच म्हणतात, ‘एवढं झालं, दुःख तर होनारच.’ हे मायेनं म्हटलेलं असतं. माझ्याबद्दलही मायेनंच म्हटलं गेलं, आणि त्यामुळे माझा दुसरा आजार पार धानकापणी उलटून गेली तरी कुणाच्या ध्यानात आला नाही. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, असं मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे उरलेल्या दोघांना येत नाही. हातपाय त्यांचेही गेलेले असतात, दुःख त्यांनाही होतं, पण ते जेवतात, भांडतात, नातवाला जवळ घेतात. मला जे झालं होतं ते लकव्याच्या पोटातलं नव्हतं, त्याच्या सोबतीनं आलेलं होतं, आणि त्याला औषध होतं. हे घराघरात माहीत व्हावं एवढ्यासाठी डाव्या हाताच्या बोटानं मोबाईलवर हे लिहिते आहे.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धानाच्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. रोवणीचे दिवस होते. पहाटे उठून साडी नेसायला उभी राहिले तर उजव्या हातातून निऱ्या सुटू लागल्या. यांना हाक मारायला गेले तर तोंडातून भलताच आवाज निघाला. झोपेत हात दबला असेल म्हणून सासूबाईंनी तेल चोळलं. मग 108 ची गाडी, तालुका, तिथून पुढचं मोठं रुग्णालय. मेंदूचा सीटी स्कॅन होईस्तोवर दुपार टळली होती. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि माझी लक्षणं तर झोपेतच सुरू झालेली, नेमकी कधी ते कोण सांगणार? मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. मला रक्तदाब आहे हेही त्याच दिवशी कळलं. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेनं 86 गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला होता, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत सर्वांत जास्त मृत्यू पक्षाघातानं झाले होते, शंभरामागे सुमारे चौदा. आमच्याकडे लकवा हा म्हाताऱ्यांचा, श्रीमंतांचा आजार समजतात. तसा तो नाही.

मी जगले. रुग्णालयातून सुटी मिळाली तेव्हा रक्त पातळ राहण्याची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि व्यायामाचा कागद, एवढं हाती आलं. मनाचं कुणी विचारलं नाही. वाचाच गेलेल्या बाईला विचारणार तरी कसं, असंही त्यांना वाटलं असेल.

घरी आल्यावर जे जे करतात ते सगळं झालं. दुरून पारवे आणून त्यांच्या रक्तानं माझा हातपाय चोळला. त्या वासानं मला ओकारी येई, पण ‘नको’ हा शब्द काही तोंडातून निघेना. समोरचा बोलतो ते सगळं समजे, उत्तरही डोक्यात तयार असे, ओठापर्यंत मात्र येत नसे. आलं तर ‘पाणी’च्या जागी ‘पाटी’ यायचं. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं की हिला समजत नाही. माझ्यासमोरच माझ्या औषधाचा खर्च, पोरीचं लग्न, माझ्या जागी अंगणवाडीत कोण, अशा गोष्टी होऊ लागल्या.

त्यात एक दिवस अंगणवाडीतली दोन लेकरं मदतनीसबाईंच्या मागे लागून मला भेटायला आली. एकानं पावसाचं गाणं हातवाऱ्यांसह म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या तोंडून ते सगळं गाणं सरळ बाहेर पडलं. एक शब्द चुकला नाही. घरात आनंदीआनंद झाला, वाचा आली म्हणून. गाणं संपल्यावर यांनी विचारलं, ‘तुयं नाव काय सांग बरं?’ मला सांगता आलं नाही. पाठ झालेली गाणी, आकडे, वारांची नावं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात, वाचा गेलेल्या पुष्कळ माणसांना ती म्हणता येतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. घरच्यांना वाटलं ही मुद्दाम बोलत नाही. त्या दिवसापासून मी गाणंही म्हणायचं सोडलं.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक. येणारा प्रत्येकजण मला बघायला आत यायचा, वाकून मोठ्यानं विचारायचा, ‘ओळखलं का मले?’ आणि मी रडायचे. ओळखीचा माणूस असो, नसो, मनात दुःख असो, नसो, तोंड वेडंवाकडं होऊन हुंदके यायचे आणि पाहुणा वळला की आपोआप थांबायचे. एकदा चुलत दिराच्या वारल्याची बातमी आली तर मला हसू फुटलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ते हसू माझं नव्हतं, पण सांगणार कशी? त्यानंतर पाहुणा आला की मला मागच्या खोलीत नेऊन बसवू लागले. मलाही तेच बरं वाटू लागलं.

या रडण्याच्या आड दुसरं काहीतरी वाढत होतं. त्याला अश्रू नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची आणि उजाडेपर्यंत छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. भात तोंडात फिरत राहायचा, त्याला चवच नसायची. लेक वेणी घालायला बसली की वाटायचं, हिचे हात माझ्यामुळे अडकले. पोरगा नागपूरहून सुटीला आला, त्याला बघून काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटलं नाही याचीच भीती वाटली. मी व्यायाम करायचा बंद केला. फिजिओथेरपिस्टनं दाखवलेला हात टेबलावर सरकवण्याचा व्यायाम मी सुरुवातीला मनापासून करत होते, बोटं थोडी हलूही लागली होती. आता हात उचलून मांडीवर ठेवायचीही इच्छा उरली नाही. हे म्हणत, ‘जोर लाव ना वं, आळस कायले करतेस?’ सासूबाई म्हणत, ‘राहू दे रे बाप्पा, तिचं मनच मेलं.’ सासूबाईंचं बरोबर होतं. पण मेलेलं मन पुन्हा उठवता येतं, हे त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

धीर देणारे पुष्कळ होते. आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे, त्यामुळे बाबा आमट्यांचं उदाहरण येणारच. पाठीच्या आजारामुळे बाबांना बसता येत नसे, एक तर उभे किंवा आडवे, तरीही त्यांनी केवढं काम केलं, हे मला येणारा जाणारा ऐकवी. ते सगळं खरं आहे. पण नैराश्यात बुडालेल्या माणसाला थोराचं उदाहरण दिलं की त्याला फक्त आपण किती नालायक हे ऐकू येतं. मला तरी तेवढंच ऐकू येत होतं. धीर देणाऱ्यांना हात जोडून सांगते, आधी त्याचं जेवण, झोप आणि आवड विचारा.

आमच्या आशाताईनं, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीनं, ते विचारलं. लसीकरणाच्या दिवशी आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकाच टेबलावर बसत आलो होतो. रक्तदाब मोजायला म्हणून आली आणि माझ्याजवळ नुसती बसून राहिली. बाहेर जाऊन तिनं माझ्या लेकीला विचारलं, ‘बाई पयले कशानं हसत होत्या? आता हसतात का?’ लेकीला आठवेना. दोघींनी मिळून 14416 वर फोन लावला. टेलिमानस ही केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या समुपदेशकानं लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे पक्षाघातानंतरचं नैराश्य असू शकतं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना दाखवा.

तालुक्याच्या रुग्णालयात ठरावीक दिवशी मनोविकारतज्ज्ञ येत. हे तयार नव्हते. ‘लकव्याच्या बाईले येड्याच्या डॉक्टरकडं कायले न्यायचं?’ आशाताई म्हणाली, ‘भाऊ, मेंदूचा आजार हाय ना? मंग मेंदूच्याच डॉक्टरकडं तर नेतो.’

त्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सगळ्यांना गप्प केलं आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली. माझा डावा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा.’ इतक्या महिन्यांत एवढी साधी युक्ती कुणी केली नव्हती. नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही, किती दिवस झोप बिघडली, किती दिवस स्वतःला कुचकामी वाटलं, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. उत्तर बोटानं दाखवता यावं म्हणून त्यांनी रडक्या, साध्या, हसऱ्या चेहऱ्यांची चित्रंही पुढे ठेवली होती. थकवा, झोप, भूक ही लक्षणं लकव्यामुळेही येतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर जाता येत नाही, असं त्यांनी लेकीला समजावलं. मग घरच्यांना वेगळं विचारलं. बोलताना ही नजर टाळते का, कशात सामील व्हायला सांगितलं तर नाकारते का, रात्री अस्वस्थ असते का, आवडीच्या गोष्टी सोडल्या का? ज्याला बोलता येत नाही त्याचं नैराश्य असं बघून ओळखावं लागतं.

नववा प्रश्न मरणाचा होता. आपण नसतो तर बरं, असं वाटतं का? मी हात दाबला. हे बाजूलाच उभे होते. त्यांनी माझा हात बघितला आणि भिंतीला टेकले. डॉक्टरीणबाईंनी अगदी शांतपणे विचारलं की फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता. मी झोपायचे त्याच खोलीतल्या फळीवर असायचं. त्याच संध्याकाळी ते दिराच्या घरी कुलपात गेलं. आमच्या विदर्भात बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात ही बाटली असते. उदास माणूस घरात असेल तर ती आधी हलवा, बाकीचं मागून. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोन आजार वेगळे करून दाखवले. पाहुणा दिसला की येणारं रडू, भलत्या वेळी येणारं हसू हा मेंदूचा लगाम सुटल्याचा प्रकार, आतल्या दुःखाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आणि आत बसलेलं ते नैराश्य. दोन्हींना एकाच जातीची गोळी चालते. मला सर्ट्रालिन दिली, सकाळी जेवणानंतर. तिनं सवय लागत नाही, ती गुंगीची नाही. पहिल्या आठवड्यात मळमळेल, बेचैनी वाढल्यासारखी वाटेल, मनाचा फरक दोन ते चार आठवड्यांनी कळेल, आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेताना रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, म्हणून शौचाला काळं झालं तर लगेच यायचं, हेही यांना लिहून दिलं. यांनी विचारलं, ‘यानं हाताले जोर येईल का?’ त्या म्हणाल्या, नाही. याच जातीच्या फ्लुओक्सेटिन नावाच्या गोळीनं हातपाय सुधारतात का, हे ब्रिटनमध्ये 3,000 हून जास्त पक्षाघाताच्या रुग्णांवर सहा महिने बघितलं होतं. त्यानं ते जास्त स्वावलंबी झाले नाहीत, नैराश्याचं प्रमाण मात्र कमी झालं. खोटी आशा दाखवली नाही म्हणून त्या बाईंवर माझा विश्वास बसला.

रडू आधी थांबलं, फार लवकर. गावानं मला बरी झाली म्हणून जाहीर केलं. आतला धोंडा मात्र तसाच होता, आणि त्या मधल्या दिवसांत गोळी सोडून द्यावी असं फार वाटलं. लेक रोज समोर उभी राहून गोळी देई.

रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी दुसरं काम लावलं. मला काय करावंसं वाटतं हे त्यांनी विचारलंच नाही, कारण मला काहीच वाटत नव्हतं. आजारपणाआधी माझा दिवस कसा जायचा ते लेकीकडून लिहून घेतलं आणि त्यातले अगदी लहान तुकडे निवडले. सकाळी अंगणात खुर्चीवर बसायचं. डाव्या हातानं सुपातल्या तांदळातले खडे वेचायचे. संध्याकाळी आकडे मोठ्यानं म्हणायचे, एक ते वीस. मन असो नसो, वेळ झाली की करायचं आणि झाल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण. मी कॅलेंडरकडे बघतही नव्हते, खुणा लेक करी. तांदूळ निवडताना कधी कंटाळा आला तर तेही चांगलं, असं ताई म्हणत, कंटाळा येणं म्हणजे काहीतरी वाटणं.

पहिली खूण घरच्यांनाच कळली. होळीच्या आसपास लाखोळीच्या भाजीचा घास घेऊन मी तोंड वाकडं केलं आणि ‘मीठ’ म्हणाले. भाजी खरंच अळणी होती. हे ताटावरून उठून सासूबाईंना सांगायला गेले की तिनं भाजीला नाव ठेवलं म्हणून. त्यानंतर झोप पहाटे पाचपर्यंत लागू लागली. व्यायाम पुन्हा सुरू झाला. यांनी जुन्या पाटावर दोन खिळे उलटे ठोकून दिले, त्यात वांगं रोवून एका हातानं चिरता येतं. ब्लाउज घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. काठी चांगल्या हातात. या युक्त्या मला आधीही शिकवल्या होत्या, पण तेव्हा शिकायला मी जागेवर नव्हते.

आणि मग खरं दुःख आलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा थांबून लिहिते. तेंदूपत्त्याच्या दिवसांत अंगणवाडीचा विषय निघाला. लेकरांना उचलणं, वजन घेणं, मोबाईलवर रोजची माहिती भरणं, गरोदर बायांशी बोलणं, यातलं मला पुरतं काहीच जमणार नव्हतं. मी राजीनामा दिला. डाव्या हातानं सही केली आणि घरी येऊन खूप रडले. रात्रीही रडले. घरचे घाबरले, आजार फिरला म्हणून. मीही घाबरले. ताईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, कशाचं रडू आलं? तोवर माझी वाक्यं लहान लहान जुळू लागली होती. म्हटलं, ‘माझी लेकरं गेली.’ जेवलात का? जेवले. झोपलात? उशिरा, पण झोपले. काल कशाला हसलात का? नातलगाच्या पोरानं कुत्र्याला टोपी घातली होती, त्याला हसले होते. ताई म्हणाल्या, मग हे दुःखच आहे, याला गोळी वाढवायची गरज नाही, याच्यासोबत आम्ही बसू.

फरक मला आतून ठाऊक होता. नैराश्यात मला अंगणवाडी आठवत नव्हती, काहीच आठवत नव्हतं, सगळं एकाच राखाडी रंगाचं होतं. आता एकेक लेकरू नावानिशी आठवत होतं आणि दुखत होतं. ते दुखणं यायचं, जायचं, मध्ये चहा गोड लागायचा. गोळीनं माझं दुःख पुसलं नाही. ते सोसायला मला परत आणलं.

माझा एक शिक्षक पुतण्या म्हणे की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, काकू अजून स्वीकाराच्या पायरीवर आली नाही. ताईंनी ते खोडून काढलं. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1969 साली मांडल्या, त्याही मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी बोलून. अपंगत्व आलेल्या प्रत्येकाला त्याच क्रमानं चढावं लागतं असं नाही, आणि आधी नैराश्य यावंच लागतं असं तर मुळीच नाही. मी आजही एखाद्या दिवशी हाताकडे बघून चिडते आणि त्याच दिवशी त्याच हाताखाली कागद दाबून डाव्यानं लिहिते. दोन्ही एकत्र चालतं.

यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकदा ताईंनी मला बाहेर बसवून यांना आत बोलावलं. बराच वेळ दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. पुढे कळलं की रात्री मला कूस वळवायला उठून उठून त्यांची झोप गेली होती, वावरात बांधावर बसून ते एकटेच रडत असत. सेवा करणाऱ्याचंही मन खचतं, त्यालाही विचारायला हवं. मग आठवड्यातून एक दिवस दिरानं माझं बघायचं ठरलं आणि हे त्या दिवशी नुसते भजनाला जात.

दिव्यांग प्रमाणपत्रही काढलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात मानसिक आजारही आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सवलती मिळतात. मला त्याहून जास्त मिळाले. कार्डावरचा आकडा बघून मनाला लागेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. एसटीत उपयोगी पडतं.

मन स्थिर राहून बरेच महिने झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सर्ट्रालिन हळूहळू उतरवत नेली, एकदम तोडली नाही. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभराची. नैराश्य परत येऊ शकतं, म्हणून काय दिसलं की यायचं हे यांनी आणि लेकीनं पाठ केलं आहे: पहाटेची जाग, अळणी भाजीलाही नाव न ठेवणं, अंगणातली खुर्ची रिकामी राहणं. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. बोलताना शब्द अडतो तेव्हा मी हातवारे करते, अंगणवाडीत करायचे तसेच, आणि समोरचा थांबला तर शब्द येतो. आशाताई आता लकव्याच्या घरी जाताना मला सोबत नेते. मागच्या आठवड्यात नदीकाठच्या एका घरी गेलो होतो, तिथल्या भाऊंची वाचा गेलेली आहे. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि म्हटलं, हो असेल तर एकदा दाबा.